सुट्ट्यांच्या यादीत नसलेला दिवस

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला दोन याद्या तोंडपाठ असतात. एक बदल्यांची आणि दुसरी सुट्ट्यांची. बदल्यांची यादी वाचून रक्तदाब वाढतो आणि सुट्ट्यांची वाचून तो उतरतो. डिसेंबरअखेर पुढच्या वर्षाची यादी शाखेच्या नोटीस बोर्डावर लागली, की कुठला सण रविवारी बुडाला याची हळहळ आणि कुठल्या सुट्टीला जोडून गावाला जाता येईल याची आखणी दोन दिवस चालायची. तीस-पस्तीस वर्षं मी ही यादी वाचली. तिच्यात गणपती होते, ईद होती, महावीर जयंती, गुरू नानक जयंती, नाताळ होता. पारशी नववर्षदेखील होतं. ज्यूंचा एकही सण तिच्यात नव्हता, हे मात्र माझ्या कधी ध्यानात आलं नाही. आज ते ध्यानात आहे, त्याला कारण आमचे हेड कॅशियर.

गोष्ट 1990 सालची. पूर्व पुण्यातल्या एका पेठेतल्या शाखेत मी नवा अकाउंटंट म्हणून आलो होतो, वय एकतीस. हेड कॅशियर माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. शाखेत सगळे त्यांना काका म्हणायचे. आडनावाच्या शेवटी ‘कर’, बोलणं अलिबागकडच्या हेलाचं, डब्यात बहुधा मासे आणि तांदळाची भाकरी. ते बेने इस्रायल आहेत हे मला माहीत होतं, म्हणजे पुणेकराला जेवढं माहीत असतं तेवढंच.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात त्यांचा रजेचा अर्ज आला. एका दिवसाची रजा, 29 सप्टेंबर, शनिवार. कारण : धार्मिक. आता ज्यांनी बँक आतून पाहिली आहे त्यांना सांगायला नको, की 30 सप्टेंबर म्हणजे सहामाही क्लोजिंग. त्या वर्षी तीस तारखेला रविवार होता, म्हणजे सगळा भार शनिवारवर. मी अर्जावर लिहिलं, ‘क्लोजिंग. शिफारस करता येत नाही.’ खाली झोकदार सही केली. काकांनी अर्ज वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. एवढंच म्हणाले, “साहेब, संध्याकाळी जरा लवकर सोडाल का? दार लागायच्या आत पोचायला हवं.” मी म्हटलं, “काका, तिजोरी बंद झाली की तुम्ही मोकळे.” त्यांना कुठलं दार म्हणायचं होतं ते मी विचारलं नाही.

तिजोरीच्या खोलीला दोन किल्ल्या असतात. एक अकाउंटंटकडे, दुसरी हेड कॅशियरकडे. दोघं हजर असल्याशिवाय दार उघडत नाही आणि लागतही नाही. त्या शनिवारी काका सकाळी साडेनऊला आले ते पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. दिवसभर त्यांनी नोटा मोजल्या. मी दोनदा चहा पाठवला, दोन्ही वेळा कपावर बशी झाकलेली दिसली. पाण्याचा तांब्याही भरलेलाच. साडेपाचला ते येऊन उभे राहिले. माझा एक आकडा जुळत नव्हता. सव्वासहाला पुन्हा आले. तो सापडेपर्यंत सात वाजून गेले. मग आम्ही दोघांनी मिळून किल्ल्या फिरवल्या आणि काका रास्ता पेठेच्या दिशेने चालत गेले. इतकं भराभर चालताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

तो योम किप्पूरचा दिवस होता. एका सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी अंधार पडेपर्यंतचा निर्जळी उपास, वर्षभराच्या चुकांची कबुली आणि अखेरीस शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा आवाज. त्या दिवशी काम करायचं नसतं, पैशाला हात लावायचा नसतो. मी त्या माणसाला दिवसभर नोटा मोजायला बसवलं होतं.

बेने इस्रायलांनी या दिवसाला मराठी नाव दिलं आहे : दारफळणीचा सण. या दिवशी पांढरे कपडे घालून, घराचं दार लावून, कोणाशीही संपर्क न ठेवता आत बसायचं अशी कोकणातल्या गावांत जुनी रीत होती. तेव्हा त्यांच्याजवळ ना हिब्रू पोथ्या होत्या ना धर्मगुरू. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बाया तेवढ्या वाचल्या, ही त्यांची उत्पत्तिकथा. ते म्हणतात दोन हजार वर्षांपूर्वी, इतिहासकार त्यावर अजून भांडताहेत. पोथ्या बुडाल्या, पण काही गोष्टी अंगवळणी पडलेल्या होत्या त्या तरल्या. मुलाची आठव्या दिवशी सुंता, खवले आणि पर नसलेला मासा वर्ज्य, ‘शेमा’ची प्रार्थना आणि शनिवारची विश्रांती. पुढे दाविद राहाबी नावाचा परदेशी ज्यू कोकणात आला तेव्हा याच खुणांवरून त्याने या तेल गाळणाऱ्या लोकांना ओळखलं, असं परंपरा सांगते. त्यांना गाव ‘शनिवार तेली’ म्हणत असे. हिंदू तेली सोमवारी घाणा बंद ठेवत, हे शनिवारी. म्हणजे ज्या एका सुट्टीवरून या समाजाला कोकणात नाव पडलं, ती सुट्टी साप्ताहिक होती आणि ती त्यांनी स्वतःहून घेतली होती. गावाने तिला हरकत घेतली नाही. आम्ही बँकवाल्यांनी घेतली.

त्यांच्या सणांची जुनी नावं ऐकली की कुणाही मराठी माणसाला गंमत वाटेल. नवीयाचा सण म्हणजे नववर्ष. त्यानंतर नव्या धान्याच्या खिरीचा सण. दारफळणीच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण, त्या दिवशी भेटीगाठी आणि दानधर्म. आपल्या शिमग्याच्या दिवसांत त्यांचा पुरीम येतो, म्हणून त्याचं नाव होळीचा सण. येरुशलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या उपासाला बिरड्याचा सण, कारण आधीच्या दिवसांत मांस वर्ज्य असायचं आणि केळीच्या पानावर वालाचं बिरडं वाढलं जायचं. एका उपासाच्या महिन्याला तर चक्क रमजान. जगाच्या इतिहासातली एवढी मोठी शोकघटना, आणि तिची आठवण कोकणातल्या बाईने बिरड्याच्या नावाने जपली! विद्वान याला विस्मरण म्हणतील. मी नाही म्हणणार. जे रोज हाताने करायचं असतं त्याला हाताशी असलेलंच नाव पडतं.

‘ते आपल्यात मिसळून गेले,’ असं एक वाक्य या समाजाबद्दल हमखास ऐकू येतं. भाषणांतून ते कौतुकाने म्हटलं जातं. मला ते खरं वाटत नाही. बोली मराठी, आडनाव गावाचं, बायकांच्या गळ्यात मंगळसूत्र आणि हातात हिरवा चुडा, लग्नाआधी हळद आणि मेंदी, हे सगळं आहेच. पण यांतलं सगळं घेऊनही ते वेगळे राहिले, आणि वेगळं राहण्याकरताच त्यांच्या चालीरीती होत्या. मिसळायचं असतं तर शनिवारी घाणा चालवणं केव्हाही सोपं होतं. आपण जिला सहिष्णुता म्हणतो तिच्यात चौकशी न करण्याचा भाग फार मोठा असतो. मी स्वतः काकांशी चार वर्षं रोज बोललो, एकही प्रश्न न विचारता.

पुणेकराचं ज्ञान लाल देवळापाशी संपतं. लष्करातलं ते उंच मनोऱ्याचं, लाल विटांचं ओहेल डेव्हिड सिनेगॉग 1867 मध्ये पुरं झालं. ते बांधणारे डेव्हिड ससून यांची कबर तिथेच आवारात आहे आणि ससून रुग्णालयालाही त्यांचंच नाव आहे. पण ससून हे बगदादहून आलेले, अरबी बोलणारे व्यापारी. त्यांची रीत वेगळी, थाट वेगळा, आणि बेने इस्रायलांना बरोबरीचे ज्यू मानायला बगदाद्यांतल्या अनेकांची बराच काळ तयारी नसे. काकांचं प्रार्थनागृह रास्ता पेठेतलं, सुक्कथ शेलोमो, 1921 सालचं. त्यावरून मी शेकडो वेळा गेलो असेन. मान वर करून पाहिलं नव्हतं.

याच शहरात 1874 मध्ये एक पुस्तक छापलं गेलं, त्याचा मला मराठी लेखक म्हणून फार अभिमान वाटतो, जरी त्यात माझं काडीचं कर्तृत्व नाही. वल्हांडणाच्या रात्री ज्यू कुटुंबं जेवणापूर्वी हग्गादा वाचतात, मिसर देशातल्या गुलामीतून सुटल्याची कहाणी. तिची हिब्रू-मराठी आवृत्ती पुण्यात निघाली. छापखाना विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांचा. आतल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बाया सणाची बिनखमिराची भाकरी करताना दिसतात. मुंबईत त्याआधी, 1846 मध्ये, मराठी हग्गादा निघालाच होता. पुढे 1880 च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायलांनी कीर्तन सुरू केलं. पूर्वरंग, उत्तररंग, झांजा सगळं तसंच, आख्यान मात्र योसेफाचं किंवा मोशेचं. मराठी साहित्याचा इतिहास शिकताना आम्हाला यातलं काही कोणी शिकवलं नाही. पंडितकाव्य मात्र तीन वर्षं पुरलं.

1994 च्या सुरुवातीला काकांनी मला घरी बोलावलं. धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि त्याआधी मलिदा होता. मी सपत्नीक गेलो. दोन खोल्यांचं घर, दाराच्या चौकटीला तिरकी बसवलेली छोटी नळी, तीत शास्त्रवचनाची गुंडाळी. मला डोक्याला बांधायला रुमाल दिला गेला. मधे एक मोठं ताट. भिजवलेल्या पोह्यांत ओला नारळ, साखर, वेलदोडे आणि बेदाणे कालवून त्याची रास केलेली, सभोवती फळं रचलेली. पुरुष मंडळी एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया प्रेषिताचं हिब्रू गीत म्हणू लागली. हा प्रेषित अलिबागजवळ खंडाळ्याला येऊन गेला आणि तिथल्या कातळावर त्याच्या रथाच्या चाकांची खूण आहे, अशी यांची श्रद्धा. नवस तिथेच फेडायचा. गीत हिब्रू, पण चालीत आमच्या गावच्या भजनाचा ठेका मला स्पष्ट ऐकू येत होता. मग झाडाच्या फळाचा वेगळा आशीर्वाद, जमिनीतून आलेल्याचा वेगळा. जगात इतरत्र ज्यू आहेत, पण मलिदा कुठे नाही. तो फक्त यांचा, कोकणातला.

ताट फिरत असताना काकी माझ्या बायकोशी बोलत होत्या. स्वयंपाक सांगत होत्या. मटणाच्या जेवणात दूध चालत नाही म्हणून सगळं नारळाच्या दुधात, नववर्षाला गव्हाचा चीक काढून त्याचा हलवा, शुक्रवारी रात्री वाइनच्या जागी काळ्या मनुका भिजवून त्यांचं सरबत. “सगळं हाताचं काम हो,” त्या म्हणाल्या, “चीक काढायला तीन दिवस आणि चार बायका लागतात. आता मी आणि जाऊ, दोघीच.” मग सहज म्हणाल्या, “यांना शिंग ऐकायचं कधी चुकलं नाही. एकाच वर्षी चुकलं. बँकेत काय तरी क्लोजिंग होतं.” आवाजात तक्रार नव्हती. काका समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या ताटलीत आणखी मलिदा वाढला.

ताटलीत किल्ली द्यायचा प्रश्न कितीसा होता? चार्ज लिस्टवर तीन सह्या, किल्ली असिस्टंट कॅशियरकडे. दहा मिनिटांचं काम. नियम माझ्या बाजूचा नव्हताच मुळी. मला विचारायचं सुचलं नाही, आणि यादीत तो दिवस नव्हता म्हणून सुचण्याची गरज वाटली नाही. कारकुनाच्या जगात जे यादीत नाही ते नसतंच.

त्याच वर्षअखेर काकांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि कुटुंब इस्रायलला गेलं. 1948 नंतर जे जाणं सुरू झालं त्यातलं हे एक. पन्नासच्या दशकाच्या आरंभी भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. आज देशातले सगळे ज्यू मिळून पाच हजार भरत नाहीत. तिकडे त्यांचं स्वागत फुलांनीच झालं असं नाही. 1960 नंतर तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहसंबंधांवर शंका घेतली, लोकांना येरुशलेममध्ये धरणं धरावं लागलं, आणि 1964 मध्ये सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं सांगितलं तेव्हा प्रकरण निवळलं. नवगावच्या तेलघाण्यावर ज्यांनी शनिवार पाळला, त्यांना शनिवारच्या देशात ज्यूपणाचा दाखला मागितला गेला. काकांचं पहिलं पत्र आलं त्यात ते लिहितात, की दारफळणीला इथे रस्त्यावर एक गाडी नसते, पोरं हमरस्त्यावर सायकली चालवतात. पुढे लिहितात, “मात्र मलिदा इथल्या बाकीच्या ज्यूंना समजावून सांगावा लागतो.” तिथे मराठी मंडळी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढतात. त्याचा एक अंक त्यांनी पाठवला होता.

म्हणजे काकांना सण मिळाला आणि रीत परकी झाली. इथे असताना उलट होतं. मलिदा कोणाला समजावून सांगावा लागत नसे, पण दिवस मिळत नसे.

ही गोष्ट माझ्या डोक्यात इतकी वर्षं पडून होती. तिला तोंड फुटलं ते अलीकडे एका दूरच्या समाजाविषयी वाचताना. मध्य अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, बेलीझ, होंडुरास, ग्वातेमाला या देशांत गरिफुना नावाचे लोक राहतात. त्यांची कथाही फुटलेल्या गलबतापासून सुरू होते. सतराव्या शतकात सेंट व्हिन्सेंट बेटाजवळ गुलामांची जहाजं फुटली, वाचलेले आफ्रिकी तिथल्या मूळ रहिवाशांत राहिले, त्यांची भाषा त्यांनी घेतली, आणि एक नवाच समाज उभा राहिला. इंग्रजांशी ते लढले, हरले, आणि 1797 मध्ये इंग्रजांनी त्यांना जहाजांत कोंबून होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन टाकलं. इथे तुलना थांबते, कारण बेने इस्रायलांना या भूमीतून कोणी घालवलं नाही. पण चालीरीतींचं पाहा. पूर्वजांसाठी कित्येक दिवस चालणारा ‘दुगू’ विधी, त्यात ढोल, नाच आणि सगळ्या कुळाने एकत्र येणं. कसावाचे कंद किसून, विषारी रस पिळून काढून भाजलेली ‘एरेबा’ भाकरी, तीही अनेक बायकांनी मिळून करायची. युनेस्कोने 2001 मध्ये त्यांच्या भाषेला, नाचाला आणि संगीताला जागतिक वारसा म्हणून गौरवलं. माझं लक्ष मात्र दुसऱ्याच तपशिलाकडे गेलं. बेलीझमध्ये टॉमस व्हिन्सेंट रामोस नावाच्या त्यांच्या पुढाऱ्याने 1941 मध्ये आपल्या लोकांच्या आगमनाचा दिवस साजरा करायला सुरुवात केली आणि त्या दिवसाची सुट्टी मागितली. 1943 मध्ये ती देशाच्या दक्षिण भागात मिळाली, 1977 मध्ये साऱ्या देशात. 19 नोव्हेंबर. त्या माणसाने वस्तुसंग्रहालय मागितलं नाही, दिवस मागितला. मला तो फार शहाणा वाटला.

चालीरीती टिकाव्यात असं आपल्याकडे सगळ्यांनाच वाटतं. त्यासाठी खाद्यमहोत्सव होतात, प्रदर्शनं होतात, काचेच्या पेटीत जुना चुडा ठेवला जातो. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण चीक काढायला तीन दिवस आणि चार बायका लागतात, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि त्या दहांपैकी चौघे कुठल्यातरी कार्यालयात अडकलेले असतील तर प्रार्थना होत नाही. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, ते चांगलं झालं. त्या दर्जासोबत एक दिवस द्यायचं राहून गेलं.

यावर माझे जुने सहकारी काय म्हणतील ते मला ठाऊक आहे. आधीच बँका किती दिवस बंद असतात! सुट्ट्यांबद्दल सर्वांत जास्त कुरकुर करणाऱ्यांत मी स्वतः होतो. तेव्हा साऱ्या राज्याला सुट्टी द्या असं मी म्हणत नाही. पाच हजार माणसांच्या उपासासाठी बारा कोटींनी घरी बसायचं कारण नाही. पण ज्याचा तो दिवस आहे त्याला तो हक्काने मिळावा, अकाउंटंटच्या मर्जीवर नसावा. सरकारी, निमसरकारी, बँक, कारखाना, कुठेही. ज्यूंपुरतंही नको. ज्या ज्या लहान समाजाचा दिवस यादीत नाही, त्याच्या माणसाला वर्षातून एक दिवस ‘क्लोजिंग’ हा शब्द ऐकवू नये. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. एक रजा मिळाली असती तर काका इथे राहिले असते का? नसते, बहुधा. मुलं आधीच तिकडे गेली होती. मग उपयोग काय? उपयोग एवढाच, की त्या वर्षी शिंग त्यांच्या कानावर पडलं असतं.

2015 च्या सप्टेंबरपासून बँकांना दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी आहे. संघटनांनी त्यासाठी अनेक वर्षं झगडा केला, मीही त्यात घोषणा दिल्या. तेव्हा शनिवार तेल्यांची आठवण आमच्यापैकी कोणालाही झाली नाही. परवा मी ज्यू पंचांग काढून पुढची वर्षं पाहत होतो. 2028 साली दारफळणी येते 30 सप्टेंबरला, म्हणजे ऐन सहामाही क्लोजिंगच्या दिवशी. शनिवार आहे, पण महिन्यातला पाचवा. आजच्या नियमाप्रमाणे बँका चालू.